स्तनाच्या कर्करोगात आहार: लाडू कमी, वरण घट्ट

प्रश्न थोडक्यात असा: आई ५४ वर्षांची, वजन ६२ किलो, अंडी खाते पण मांस-मासे नाही. एका स्तनाची शस्त्रक्रिया झाली. आता केमो सुरू आहे. आधी लाल रंगाच्या औषधाच्या म्हणजे 'लाल केमो'च्या चार सायकल, मग दर आठवड्याला एक याप्रमाणे पॅक्लिटॅक्सेल बारा वेळा. गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनवर वाढणारी, म्हणून पुढे काही वर्षे लेट्रोझोलची गोळी. भेटायला येणारा प्रत्येकजण वेगळे सांगतो: दूध तोडा, साखर तोडा, हळदीच्या कॅप्सूल द्या, गव्हांकुराचा रस द्या, डिंकाचे लाडू द्या. नेमके द्यायचे काय?

लाडवांपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे आहे. कर्करोग म्हटला की माणूस खंगणार असे आपण धरून चालतो. अन्ननलिका, जठर, स्वादुपिंड यांच्या कर्करोगात ते खरेही असते. स्तनाच्या कर्करोगात, विशेषतः तो लवकर सापडला असेल तर, बऱ्याच बायकांचे वजन उपचारांत उलट वाढते. केमोसोबत दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने भूक खवळते. मळमळ दाबायला दिवसभर बिस्किटे, खारी, टोस्ट चालू राहतात. हालचाल कमी होते. ज्यांची पाळी चालू असते त्यांची केमोने अनेकदा बंद होते. त्यात 'अशक्तपणा आलाय' म्हणून घरचे साजूक तुपातले लाडू पुढे करतात. त्याच काळात स्नायू मात्र झिजत असतात. वजनकाटा ६२ चा ६५ दाखवतो आणि जिना चढताना धाप लागते, तेव्हा वाढलेली असते ती चरबी.

पाळी गेल्यानंतर शरीरातले इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होते. लेट्रोझोल हेच तयार होणे रोखते. एकीकडे ती गोळी आणि दुसरीकडे रोज दोन डिंकाचे लाडू, म्हणजे सुमारे ४०० कॅलरी आणि प्रोटीन जेमतेम ५ ग्रॅम, हा हिशेब जुळत नाही. डिंक, खारीक, खोबरे वाईट नाही. आवडत असेल तर आठवड्यातून दोनदा, सुपारीएवढा लाडू द्या. वजन खरोखर उतरत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा तूप, दाण्याचे कूट, साय सगळे वाढवायचे. म्हणून आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहा. काय वाढवायचे, काय कमी करायचे ते वहीवरून ठरवा, पाहुण्यांच्या सल्ल्यावरून नको.

प्रोटीन किती आणि कशातून

उपचारांच्या काळात किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन हवे. ६२ किलोला किमान ७४ ग्रॅम. कॅलरी किलोमागे २५ ते ३० धरल्या तर साधारण १५५० ते १८५०. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा लागू नाही, तो डॉक्टरांनी ठरवायचा.

७४ ग्रॅम ऐकायला सोपे वाटते, पण नेहमीच्या शाकाहारी ताटात ते बसत नाही. कारण आपले वरण. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ १०-१२ ग्रॅम असते, म्हणजे प्रोटीन अडीच-तीन ग्रॅम. 'आई रोज दोन वाट्या वरण पिते' याचा अर्थ ती मुख्यतः पाणी आणि फोडणी पिते. एकदा किराणा दुकानात किंवा घरच्या काट्यावर ३० ग्रॅम कोरडी डाळ मोजा, एका छोट्या वाटीवर तिथे खूण करा, आणि तिच्या वाट्याची डाळ रोज तेवढी शिजवा. पळीतून ओघळणार नाही, पडेल, इतके वरण घट्ट हवे.

अंडी चालतात म्हणून एक दिवस असा बसवता येतो:

सकाळी गाईचे दूध २०० मिली: ६ ग्रॅम.
नाश्ता, ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून वाटून केलेली दोन धिरडी: १२ ग्रॅम.
दुपारी एक ज्वारीची भाकरी (५० ग्रॅम पीठ), ३० ग्रॅम डाळीचे वरण, पालेभाजी किंवा फळभाजी, १५० ग्रॅम दही: १९ ग्रॅम.
चार वाजता दोन उकडलेली अंडी: १२ ग्रॅम.
रात्री दोन फुलके, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, ५० ग्रॅम पनीर: २२ ग्रॅम.
मधल्या वेळेत मूठभर फुटाणे: ४ ग्रॅम.

बेरीज ७५. अंडी नको असतील त्या दिवशी २५ ग्रॅम कोरडे सोया चंक्स भिजवून, दोनदा पिळून भाजीत घाला. त्यात सुमारे १३ ग्रॅम प्रोटीन आहे. मासे खाणाऱ्या घरात १०० ग्रॅम बांगडा किंवा सुरमईत १८ ते २० ग्रॅम मिळते आणि अर्धे काम तिथेच होते.

सोया म्हटले की 'त्यात इस्ट्रोजेन असते, चालत नाही' हे ऐकू येतेच. सोयामधले आयसोफ्लेवोन रचनेने इस्ट्रोजेनसारखे असतात, पण शरीरात वागतात वेगळे. शांघायमध्ये स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या ५,०४२ स्त्रियांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जेवणात सोया जास्त खाणाऱ्या स्त्रियांमध्ये रोग परत येण्याचे प्रमाण कमी दिसले, हार्मोन पॉझिटिव्ह गाठीतसुद्धा. सोयाची भाजी, टोफू, सोया दूध आठवड्यातून तीन-चारदा खुशाल चालते. आयसोफ्लेवोनच्या गोळ्या मात्र नकोत, तो डोस जेवणातला नसतो. जवसाचेही तसेच: भाजून कुटलेल्या जवसाची चटणी एक-दोन चमचे उत्तम, अर्काच्या कॅप्सूल नकोत.

शस्त्रक्रियेनंतर घरात हमखास निघणारा एक समज म्हणजे डाळीने, दह्याने जखमेत पू धरतो. तसे काही होत नाही. टाके पडलेले असताना डाळ, दूध, दही तोडणे म्हणजे जखम भरायला लागणारे सामानच काढून घेणे. पू होतो जंतूंमुळे.

केमोच्या दिवसांची विभागणी

लाल केमोच्या तीन आठवड्यांच्या सायकलमध्ये प्रत्येक आठवड्याची गरज निराळी असते.

पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. उलटीची गोळी डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेलाच द्या, मळमळ सुरू व्हायची वाट पाहू नका. दर दोन-अडीच तासांनी थोडे खायला द्या, पूर्ण ताट समोर ठेवूच नका. फोडणीचा वास सगळ्यांत जास्त त्रास देतो, म्हणून स्वयंपाक होताना तिला दुसऱ्या खोलीत बसवा आणि अन्न कोमट किंवा गार वाढा. दहीभात, मुगाची खिचडी, भाजलेले मखाणे, मुरमुरे, इडली हे वासाला हलके असतात. आलेपाकाची छोटी वडी चघळायला देता येते. एक पथ्य फार कुणी सांगत नाही: केमोच्या दिवशी तिचा आवडता पदार्थ करू नका. मळमळीच्या वेळी खाल्लेल्या पदार्थाची शिसारी मनात बसते आणि पुढे कित्येक महिने तो नकोसा होतो.

लाल केमोनंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचाच रंग असतो. त्या दोन दिवसांत बिटाचा रस देऊ नका, रंग कशाचा ते कळत नाही. बिटाने रक्त वाढते हा समजही फारसा खरा नाही, आणि केमोतला रक्तक्षय दरवेळी लोहाच्या कमतरतेचा नसतो, म्हणून लोहाची गोळी स्वतःहून सुरू करू नये. लाल केमोबरोबर सहसा सायक्लोफॉस्फामाइड असते, ते मूत्राशयाला झोंबते. हृदयासाठी पाणी मोजून प्यायला सांगितले नसेल तर पहिले दोन-तीन दिवस पाणी, ताक, सार, शहाळे मिळून दोन ते अडीच लिटर पोटात जायला हवे.

उलटीच्या गोळीने, ऑनडॅनसेट्रॉनने, बद्धकोष्ठ होते. तीन दिवस थांबून मग एरंडेल शोधण्यापेक्षा केमोच्या आदल्या रात्रीपासूनच भिजवलेल्या मनुका, पपई, रात्री दोन चमचे इसबगोल द्या. इसबगोलावर पूर्ण ग्लास पाणी पाहिजेच. पाण्याशिवाय ते आतडे आणखी अडकवते.

सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात, ज्याला सगळे 'काउंट पडले' म्हणतात. या आठवड्यात खाण्याची स्वच्छता हेच खरे पथ्य. फळे, भाज्या सगळे बंद करायची गरज नाही. अतिकडक निर्जंतुक आहाराने संसर्ग कमी होतो असे चाचण्यांत दिसलेले नाही. केळे, मोसंबी, पपई, सोललेले सफरचंद अशी साल निघणारी फळे धुऊन, घरी सोलून द्या. कच्ची कोशिंबीर, धुवायला कठीण असलेली कच्ची कोथिंबीर-पुदिन्याची चटणी तेवढे दिवस टाळा. तोंडीलावणे हवे तर कारळ्याची किंवा जवसाची कोरडी चटणी करा. मोड आलेले मूग-मटकी कच्चे कधीच नको. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते, म्हणून उसळ कुकरला पूर्ण शिजवूनच. अंडे पूर्ण उकडलेले द्या, हाफ फ्राय नको. दही घरचे, उकळलेल्या दुधाचे. पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळून झाकून ठेवलेले. उसाचा रस, बर्फाचा गोळा, पाणीपुरी, लग्नातले बुफे बंद.

रात्रीचा भात बाहेर ठेवून सकाळी फोडणीला टाकणे ही आपली जुनी सवय आहे, पण या आठवड्यात ती धोक्याची. शिजलेल्या भातात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष फोडणी दिल्यावरही टिकते. शिजवलेले अन्न दोन तासांत संपवा किंवा फ्रिजमध्ये ठेवा, आणि गरम करताना वाफ निघेपर्यंत करा. परळला टाटा रुग्णालयात उपचार घेताना धर्मशाळेत राहणाऱ्यांकडे बहुधा फ्रिज नसतो. त्यांनी एका वेळेपुरतेच शिजवावे. एका शेगडीवर, एका कुकरमध्ये ४० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मूगडाळीची खिचडी, त्याच कुकरमध्ये वरच्या डब्यात चिरलेला दुधी किंवा लाल भोपळा, आणि सोबत दूध किंवा पिशवीतले दही. खिचडीतूनच १२ ग्रॅम प्रोटीन मिळते. नेहमीच्या खिचडीत डाळ तांदळाच्या निम्मी-पावपट असते, इथे समसमान घ्यायची.

ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला की काढा, तुळशीचा चहा, घरातली क्रोसिन यांत वेळ घालवू नका. मध्यरात्र असली तरी रुग्णालय गाठा.

तोंड आले असेल तर पथ्य पूर्ण बदलते. आमसूल, लिंबू, चिंच, टोमॅटो, मिरची, पापड, कडक भाकरी बंद. मऊ भात आणि तूप, पेज, केळ्याचे शिकरण, दुधातली नाचणीची खीर, साधे वरण मिक्सरला फिरवून, मऊ कुस्करलेले पनीर, हे चालते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा, खाल्ल्यानंतर आणि झोपताना गुळण्या करायच्या. पाणी रोज नवे करा. बाजारातले झोंबणारे माउथवॉश नको, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी कोरडे पडते.

तिसरा आठवडा भुकेचा. मागे पडलेले प्रोटीन इथे भरून काढायचे. नेमके याच आठवड्यात 'आता बरी आहे' म्हणून सगळे सैल सोडतात.

पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले की मळमळ बरीच कमी होते, पण तोंडाला लोखंडासारखी चव येते. स्टीलऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहा, आणि तोंड आलेले नसेल तर कोकमाचे सार, लिंबाची फोड द्या. हातापायांना मुंग्या येऊन बधिरपणा येतो, तेव्हा तव्यावरची भाकरी हाताने उलटायचे काम तिच्याकडून काढून घ्या, चटका कळत नाही. जुलाब झाले तर ओआरएस. पाकीट एक लिटरचे आहे की २०० मिलीचे ते वाचून मगच पाणी घाला. भाताची पेज, केळे, पातळ ताक द्या आणि दूध दोन दिवस थांबवा. दिवसात चारपेक्षा जास्त वेळा झाले किंवा २४ तास पाणीही पोटात टिकले नाही तर फोन करा. मधुमेह असेल तर डेक्सामेथासोननंतर दोन-तीन दिवस साखर घरी तपासा, ती हमखास चढते.

तोडा म्हणतात ते, आणि द्या म्हणतात ते

साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही. साखर तोडली तरी शरीर भात-भाकरीपासून ग्लुकोज बनवतेच आणि पेशींना पोचवते. साखर आणि गूळ दोन्ही कमी ठेवायचे ते वजनासाठी, आणि त्या बाबतीत दोघांत फरक नाही. दूध तोडायला आधार नाही, उलट पुढे हाडांसाठी लागणार आहे.

भाज्या भरपूर असाव्यात, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. अमेरिकेत ३,०८८ स्त्रियांना घेऊन एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. प्रचंड भाज्या-फळे आणि फार कमी तेल-तूप खाणाऱ्या गटात रोग परत येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी झाले नाही. म्हणून दिवसाला लिटरभर रस काढत बसण्याचे कारण नाही. दुधीचा रस तर नकोच. दुधी कडू निघाला तर त्यातल्या विषाने रक्ताच्या उलट्या होतात, मृत्यूही झाले आहेत. गव्हांकुर ओल्या मातीत वाढतात आणि कच्चे प्यायले जातात, काउंट पडलेले असताना हे जोखमीचे.

हळद स्वयंपाकात नेहमीइतकी. दुधात अर्धा चमचा घातली तरी हरकत नाही, त्यात करक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, ४०-५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. कॅप्सूलमध्ये मात्र शेकडो मिलिग्रॅम आणि सोबत मिऱ्याचा अर्क. नेदरलँड्समधल्या २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात अशा करक्युमिन-पिपेरीनने (पिपेरीन हा मिऱ्यातला घटक) टॅमॉक्सिफेन या हार्मोन पॉझिटिव्ह गाठीवरच्या औषधापासून शरीरात बनणाऱ्या उपयोगी घटकाची रक्तातली पातळी खाली आली. तुमच्या आईला लेट्रोझोल मिळणार आहे, तरी केमो चालू असताना असले अर्क नकोत, कारण यकृतावर आधीच भार असतो. त्याच कारणाने गुळवेल नको. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये मांडली आहेत. शतावरी बाळंतिणीसाठी ठीक, हार्मोन पॉझिटिव्ह गाठीत तिची पावडर टाळावी. आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर बाटली-डबा घेऊन कर्करोगतज्ज्ञांना दाखवा, लपवू नका. पुढे कुणाला पाल्बोसिक्लिब किंवा रायबोसिक्लिब या कर्करोगाच्या गोळ्या सुरू झाल्या तर ग्रेपफ्रूट आणि त्याच कुळातले पपनस बंद. मोसंबी-संत्रे चालते.

उपवासाचा विषय घरात नाजूक असतो. केमोच्या पहिल्या आठवड्यात आणि काउंट पडलेले असताना उपवास नको, निर्जळ तर कधीच नको. बाकी दिवशी मन राखायचे असेल तर साबुदाणा सोडा, त्यात प्रोटीन जवळपास शून्य आणि शोषलेले तेल भरपूर. वरीचे तांदूळ, दाण्याची घट्ट आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध यांवर दिवस निभावतो.

रेडिएशन आणि त्यापुढची वर्षे

रेडिएशनमध्ये जेवण साधेच चालते. प्रोटीन तेवढेच ठेवा, व्हिटॅमिन ई-सी यांच्या मोठ्या गोळ्या घेऊ नका.

लेट्रोझोल सुरू झाल्यावर हाडे विरळ होऊ लागतात, सांधे आखडतात, कोलेस्टेरॉल वाढू शकते. रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. २०० मिली दुधात सुमारे २४० असते. १५० ग्रॅम दही, ५० ग्रॅम पनीर धरले की निम्म्याच्या आसपास पोचतो. नाचणीचे नाव मोठे आहे, पण ३० ग्रॅम पिठातून १०० ते ११० च मिळते, आणि त्यातल्या फायटेट या कॅल्शियम अडकवणाऱ्या घटकामुळे ते सगळे शोषले जात नाही. नाचणी भिजवून, मोड आणून दळली तर फायटेट कमी होते. शेवग्याचा पाला, राजगिरा, चमचाभर भाजलेले तीळ रोज कशात ना कशात घाला. ड जीवनसत्त्व जेवणातून पुरत नाही, तपासून गोळी घ्यावी लागते. आणि हाडांना व स्नायूंना वजन पेलायला लावल्याशिवाय नुसते खाऊन ते टिकत नाहीत: आठवड्याला १५० मिनिटे चालणे, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे दिवसातून दोनदा दहा-दहा वेळा. हे केमोतही बऱ्या दिवसांत सुरू करता येते.

कॅल्शियमची गोळी डॉक्टरांनी दिली तर ती कार्बोनेटची असल्यास जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंत. लोहाच्या गोळीबरोबर नाही. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम निदान चार तासांनी.